केवड्याचं पाणी आणि फुग्याचा पंप

अच्युत नाफडे यांनी भूजल खात्यात एकोणतीस वर्षं काढली, पण घरात कुणी त्यांना पंपाबद्दल चकार शब्द विचारला नव्हता. त्यामुळे २०४१ सालच्या नोव्हेंबरातल्या एका सकाळी, पोह्यांवर खोबरं भुरभुरवता भुरभुरवता त्यांच्या पत्नीने, वासंतीबाईंनी, "अहो, त्या उंबरदऱ्याच्या विहिरीला कोणता पंप लावणार आहात?" असं विचारलं, तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"कुणी विचारायला सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बायकोने नवऱ्याला कामाचं काही विचारू नये का?"

"एकोणतीस वर्षांत आज पहिल्यांदा विचारते आहेस."

वासंतीबाईंनी खोबऱ्याची वाटी खाली ठेवली. "गंधेवहिनींचा फोन होता. म्हणाल्या, ओढणारा लावला तर बरं पडेल. फुग्याचा नको."

नाफड्यांनी बशी बाजूला सारली. होणाऱ्या विहीणबाईंना ओढणारा पंप आणि फुग्याचा पंप यांतला फरक कळू लागला, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

उंबरदरा हे बालाघाटाच्या कुशीतलं दहा-बारा हजार वस्तीचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला, चढावर, दिगंबरशेठ गंधे यांचा अत्तराचा कारखाना. चार पिढ्यांचा. केवड्याचा अर्क घ्यावा तर गंध्यांचा, असं पार हैदराबादेपर्यंत लोक म्हणत. या दिगंबरशेठच्या मुलाशी, कौस्तुभशी, नाफड्यांच्या ऋजुताचा साखरपुडा गणपतीनंतर झाला होता आणि लग्न माघात ठरलं होतं.

दसऱ्यानंतर गावातल्या एसटी स्टँडजवळच्या हातपंपाच्या पाण्याला केवड्याचा वास येऊ लागला. आधी लोकांना मजा वाटली. कुणी देवीची कृपा म्हटलं, कुणी जुन्या काळी तिथे केवड्याचं बन होतं असा शोध लावला. हातपंपाशेजारी हौसाबाई नावाच्या बाईंची चहाची टपरी होती. त्यांच्या साध्या चहाचा केवडा चहा झाला आणि गिऱ्हाईक रस्त्यापर्यंत उभं राहू लागलं. शेजारच्या गावांतून माणसं कॅन भरून न्यायला आली. महिनाभराने मात्र आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंच्या ध्यानात आलं, की डोकं जड झालं, गरगरतं, हात थरथरतात अशी तक्रार घेऊन येणारे सगळे याच पंपाचं पाणी पितात. त्यांनी भूजल खात्याला पत्र लिहिलं. पत्र फिरत फिरत नाफड्यांच्या टेबलावर आलं, कारण नाफडे जिल्ह्याचे पंप निवड अधिकारी होते.

हे पद कसं निर्माण झालं ते सांगायला हवं.

सहा वर्षांपूर्वी 'वेधक' नावाचं यंत्र निघालं. पाण्यातला एखादा रसायनाचा रेणू कुठल्या कारखान्यात, कुठल्या खेपेत बनला, हे ते सांगे. त्यामागचं तत्त्व अगदी सोपं होतं. कार्बनचे अणू दोन प्रकारचे सापडतात, हलके आणि किंचित जड. रसायनाची प्रत्येक खेप बनते तेव्हा हलक्या-जडाचं प्रमाण अगदी थोडं वेगळं पडतं. दोन माणसं एकच पत्र लिहून काढतील, पण अक्षर वेगळं येईल, तसं. वेधक हे अक्षर ओळखे. पाणी कुणी नासवलं यावरून वर्षानुवर्षं चालणारे खटले त्यामुळे आठवड्यात निघू लागले. मग भूजल साक्ष कायदा झाला आणि पाणी कोर्टात साक्षीदार म्हणून उभं राहू लागलं.

वकिलांना यंत्राची चूक काढता येईना. म्हणून त्यांनी पंप पकडला. साक्षीदाराला जमिनीखालून वर आणताना तुम्ही त्याला धक्काबुक्की केली, त्याचा अर्धा जबाब वाटेतच सांडला, असा त्यांचा मुद्दा. आणि तो खोटा नव्हता. ओढणारा पंप जमिनीवर बसतो आणि नळीने थंड पेय प्यावं तसं पाणी वर ओढतो. ओढताना नळीतला दाब उतरतो आणि सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावं तसं होतं: पाण्यात विरघळलेलं जे उडून जाण्यासारखं असेल ते फसफसून उडून जातं. फुग्याच्या पंपाचं उलटं. तो विहिरीत खाली उतरवतात. पोलादी नळकांड्यात एक लवचीक पिशवी असते. पाणी आपल्या पायाने तिच्यात येतं, मग बाहेरून हवेने पिशवी हळूच दाबायची. गाईची धार काढावी तसं पाणी वर येतं. हवा आणि पाणी एकमेकांना शिवत नाहीत. काही उडत नाही. फक्त वेळ फार लागतो. म्हणून कुठे कोणता पंप लावायचा हे ठरवायला जिल्ह्याजिल्ह्यांत पंप निवड अधिकारी नेमले गेले.

केवड्याचा कृत्रिम वास म्हणजे ईथरच्या कुळातला, चटकन उडणारा एक रेणू. तो ज्यात मिसळतात तो द्रवही तसाच. म्हणजे ओढणारा पंप लावला तर वेधकाला जवळपास काहीच दिसणार नव्हतं. फुग्याचा लावला तर सगळं दिसणार होतं.

आणि पंप कोणता ते नाफड्यांनी ठरवायचं होतं. खात्याचा संगणकीय सल्लागार शिफारस करी, पण सही माणसाची लागे. नाफड्यांनी माहिती भरली तेव्हा त्याने आधी विचारलं: 'संशयित घटकाशी आपले नाते?' खाली पर्याय होते: रक्ताचे, वैवाहिक, व्यावसायिक, नाही. होणाऱ्या व्याह्यांसाठी रकाना नव्हता. नाफडे दहा मिनिटं त्या चार शब्दांकडे बघत बसले. शेवटी त्यांनी जिल्ह्याच्या वरिष्ठांना कळवलं, की मुलीचं लग्न ठरलेलं आहे, हे काम दुसऱ्याकडे द्यावं. वरिष्ठांचं उत्तर आलं: 'दुसरे पद रिक्त आहे. लग्न अद्याप झालेले नाही. पुढील कार्यवाही करावी.'

त्या रविवारी दिगंबरशेठनी त्यांना जेवायला बोलावलं. शेठ मोठा अघळपघळ माणूस. पुरणपोळीवर तुपाची धार सोडताना ते म्हणाले, "नाफडेसाहेब, आमच्या कारखान्यात सत्तर वर्षं ओढणाराच पंप आहे. कधी कुरकुर नाही."

"शेठ, त्यात वास उडून जातो."

"उडू दे की. उडणं हा वासाचा धर्मच आहे. आमचा सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे."

"पण मग पाण्यात काय आहे ते कळणार कसं?"

"पाण्यात पाणी आहे," शेठ म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पोळी वाढायला लावली.

नाफडे घरी आले ते एक युक्ती घेऊनच. ओढणाऱ्या पंपाला एक निसर्गाने घातलेली मर्यादा असते. हवेचा दाब पाण्याला जेवढं वर ढकलू शकतो तेवढंच ते चढतं. उंबरदऱ्याच्या उंचीवर ही मर्यादा साडेसात मीटरची धरत. त्याच्या खाली पाणी गेलं, की ओढणारा पंप नियमानेच बाद. हातपंपाशेजारच्या सरकारी निरीक्षण विहिरीत पाणी त्या दिवशी सहा मीटर चाळीसवर होतं आणि रोज तीन-साडेतीन सेंटीमीटर उतरत होतं. महिनाभर थांबलं तर निवड करायचा प्रश्नच उरणार नव्हता. शेठना सांगता आलं असतं, "मी काय करणार, पाणीच खाली गेलं." शेठ निसर्गावर तर रुसू शकत नव्हते.

नाफडे रोज सकाळी उंबरदऱ्याला जाऊ लागले. मोजपट्टी विहिरीत सोडायची, आकडा टिपायचा, मान हलवायची. सहा त्रेचाळीस. सहा सत्तेचाळीस. एवढ्या प्रेमाने भूजलाची पातळी खालावण्याची वाट पाहणारा खात्यातला तो पहिलाच अधिकारी असावा. गावकऱ्यांना वाटलं, साहेब फार कसून तपास करताहेत. शेठना वाटलं, साहेब विचार करताहेत, म्हणजे विचार आपल्या बाजूचा आहे. त्यांनी खव्याच्या पोळ्या पाठवल्या. वासंतीबाईंना वाटलं, आपले यजमान आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखे वागताहेत.

ऋजुताला मात्र तसं काही वाटलं नाही. ती शाळेत विज्ञान शिकवायची. एका संध्याकाळी वह्या तपासता तपासता तिने विचारलं, "बाबा, आज किती?"

"सहा सत्तर."

"आणि लोक पाणी पिताहेत?"

"अहवालाशिवाय हातपंपाला कुलूप लावता येत नाही गं. नियम आहे."

"आणि अहवाल पंपाशिवाय होत नाही."

"नाही."

तिने पुढची वही ओढली. नाफड्यांना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

बाराव्या दिवशी पाणी सहा मीटर ऐंशीवर होतं. नाफडे मोजपट्टी गुंडाळत होते तेव्हा हौसाबाई टपरी सोडून त्यांच्याजवळ आल्या. हातात चहाचा कप होता आणि तो बशीत खडखडत होता. निम्मा चहा बशीतच होता.

"सायेब, रोज येतायसा. घ्या च्या."

"नको, हौसाबाई."

"बारा दिस झालं, एक डाव बी माझा च्या घेतला न्हाई तुमी," हौसाबाई म्हणाल्या. "येवढी मान्सं पित्यात, तुमीच कसं पित न्हाई? म्हंजी तुमास्नी कायतरी ठावं हाय."

नाफडे मोजपट्टी आणखी घट्ट गुंडाळू लागले.

"माजा हात बगा. सुईत दोरा जाईना झालाय. गिऱ्हाईक लई हाय, त्येला न्हाई म्हनायचं माज्या जिवावर येतंय. तवा पंपाबिंपाचं मला काय सांगू नका. पानी प्यावं का न प्यावं, येवढंच सांगा."

"पिऊ नका," नाफडे म्हणाले.

"बरं," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी कपातला चहा मातीत ओतला, टपरीवर जाऊन भांडं पालथं घातलं आणि रांगेतल्या माणसांना सांगितलं, की आजपासून चहा बंद, साहेबांनी सांगितलंय. रांगेतली माणसं साहेबांकडे बघू लागली. नाफडे मोजपट्टीची पेटी पोटाशी धरून जीपकडे निघाले. जीपच्या बॉनेटवरच त्यांनी फॉर्म उघडला, 'फुग्याचा पंप' या शब्दांवर बोट ठेवलं आणि सही केली. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'पाण्यात काय आहे ते कळावे म्हणून.' सल्लागाराने कारण पुरेसं तांत्रिक नसल्याचं कळवलं. नाफड्यांनी तेच पुन्हा लिहिलं.

घरी वासंतीबाईंनी दोन दिवस मौन धरलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "लग्न मोडलं तर हॉलवाल्याशी तुम्हीच बोला." ऋजुता म्हणाली, "लग्न पंपावर मोडत असेल, तर ते मोडलेलंच बरं." कौस्तुभ काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही, पण तिचा फोन बराच वेळ चालला होता आणि त्यात तीच जास्त बोलत होती.

नमुना घ्यायच्या दिवशी दिगंबरशेठ हजर राहणार होते. कायद्याने संशयिताला तसा हक्क होता. ते पांढऱ्याशुभ्र धोतरात, काठी टेकत आले, नाफड्यांना नमस्कारही न करता घडीच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "करा काय करायचं ते."

नाफड्यांनी पंप विहिरीत सोडला. तिथला खडक त्यांना पाठ होता: वर मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा ठिसूळ खडक, खाली काळा पाषाण. पाणी मांजऱ्याच्या फटींतून वाहत होतं, पंप नेमका तिथे टांगायचा होता. हवेची कळ दाबली. 'फुस्स' असा आवाज झाला, नळीतून अर्धा पेला पाणी आलं, थांबलं. पुन्हा 'फुस्स'.

"एवढंच?" शेठनी विचारलं.

"एवढंच. मिनिटाला पाव लिटर. यापेक्षा जोर केला तर गाळ हलतो."

"आणि बाटली केव्हा भरायची?"

"पाणी स्थिर झाल्यावर. नळीतलं शिळं पाणी आधी जाऊ द्यायचं. मग या पाणी तपासणाऱ्या मीटरवरचे आकडे हलायचे थांबले, की समजायचं खडकातलं ताजं पाणी आलं. दोन तास धरा."

ओढणारा पंप असता तर दहा मिनिटांत सगळं आटोपून दोघं एकमेकांकडे न बघता घरी गेले असते. आता दोन माणसं, दोन खुर्च्या आणि मध्ये 'फुस्स' करणारी नळी. माणूस अर्धा तास रुसून बसू शकतो, त्यानंतर पाठ दुखायला लागते. शेठनी खुर्ची जरा सावलीत सरकवली, म्हणजे नाफड्यांच्या जवळ.

"आमच्या आजोबांचा तांब्याचा हंडा होता," ते नळीकडे बघत म्हणाले. "कोकणातून, ओडिशातून केवडा यायचा. कणसं अशी, हाताएवढी. हंड्यात घालायची, खाली मंद जाळ. अर्कसुद्धा असाच यायचा. थेंब थेंब. जोर केला की करपायचा."

"आता?"

"आता पिंप येतं." शेठ म्हणाले. "तेरा वर्षं झाली. फुलं मिळेनाशी झाली, मिळाली तर परवडेनात. पिंपातलं ओततो, पाणी घालतो, 'शुद्ध' लिहितो. हे तुमचं यंत्र सांगेलच."

"सांगेल."

'फुस्स.' मीटरवरचा आकडा अजून हलत होता.

"पण गळती मी केली नाही, नाफडेसाहेब. म्हणजे जाणूनबुजून नाही. पिंपं ओतायची टाकी जमिनीत आहे. तिला तडा गेला असेल तर मला ठाऊक नाही."

नाफड्यांना हे पटेना. "शेठ, केवढा दर्प आहे. ज्याने जन्मभर अत्तर हुंगलं, त्याला स्वतःच्या आवारात टाकी फुटलेली कळत नाही?"

दिगंबरशेठनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची आणखी जवळ घेतली आणि एखादं पाप सांगावं तशा आवाजात विचारलं, "खरंच येतो का हो वास?"

"म्हणजे?"

"मला येत नाही. आठ वर्षांपूर्वी ताप आला होता, तेव्हापासून. केवडा नाही, गुलाब नाही, फोडणी जळली तरी कळत नाही. घरात कुणाला माहीत नाही. कौस्तुभलाही नाही. गंध्यांच्या माणसाला वास येत नाही हे कळलं, तर धंद्यात काय राहिलं? रोज कुपी नाकाशी धरतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, किंचित कमी पडतंय." त्यांनी धोतराच्या सोग्याने कपाळ टिपलं. "गावात बोंब झाली, पाण्याला वास येतो. मी हातपंपावर गेलो. सगळे हुंगत होते, मीही हुंगलं. सगळे म्हणाले वा, मीही म्हणालो वा. आपलाच आहे की देवीचा, मला काय कळणार? आणि विचारू कुणाला?"

नाफड्यांना हसू आलं आणि ते त्यांनी मोठ्या कष्टाने खोकल्यात घातलं. मग मात्र हसू गेलं. आठ वर्षं डोळे मिटून कुपी नाकाशी धरणारा माणूस त्यांना दिसला.

"येतो," ते म्हणाले. "खरंच येतो."

"कसा?"

नाफडे सरकारी माणूस. गढूळपणा, आम्लता, विद्युतवाहकता यांपलीकडे पाण्याचं वर्णन त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी पेल्यातलं पाणी नाकाशी नेलं. "पहिल्यांदा गोड. लग्नात पाहुण्यांवर शिंपडतात तसा. मग मागून जरा डोक्यात जातो. घशाशी कडसर."

"तो पिंपातलाच," शेठ लगेच म्हणाले. "फुलाचा असता तर कडसर लागला नसता. मागून ओल्या मातीसारखा आला असता." आणि मग हलकेच, "आमचाच आहे तर."

तेवढ्यात मीटरवरचे आकडे थांबले. नाफड्यांनी बाटली काठोकाठ भरली, हवेचा बुडबुडा राहू न देता झाकण लावलं, लाखेने बंद केलं आणि बाटलीवरच्या चिठ्ठीवर सही केली. शेठनी साक्षीदार म्हणून खाली सही केली आणि न सांगता कारखान्याकडे चालू लागले.

वेधकाचा अहवाल पाचव्या दिवशी आला. त्यात रेणूचं नाव होतं, पिंपाची खेप होती आणि गळती साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीची असल्याचं म्हटलं होतं. पण त्याआधीच शेठनी टाकी उकरून काढली होती, तडा पाहिला होता आणि खात्याला आपल्या हाताने पत्र लिहून कळवलं होतं. हातपंपाला कुलूप बसलं, टँकर सुरू झाले. दंड झाला, सहा महिने कारखान्याला टाळं लागलं आणि खडकातलं नासलेलं पाणी उपसून गाळण्यातून स्वच्छ करायचं कामही गंध्यांच्या खर्चाने सुरू झालं. 'शुद्ध' हा शब्द त्यांनी पाटीवरून स्वतः शिडी लावून खरवडला. खाली कौस्तुभ शिडी धरून उभा होता. त्याला त्या दिवशी नाकाची गोष्टही कळली. तो म्हणाला, "दादा, मला शंका होतीच. गेल्या वर्षी तुम्ही फिनेलची बाटली हुंगून छान म्हणाला होता."

लग्न माघात न होता वैशाखात झालं. वासंतीबाईंनी हॉलवाल्याला स्वतःच फोन केला. विहीणबाईंनी मानपानाचं काही काढलं नाही. दिगंबरशेठनी मात्र टाळं निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात सुनेला कारखान्यात नेलं आणि तीन कुप्या पुढे ठेवल्या. ऋजुताने दोन नापास केल्या. शेठ फार खूश झाले. शाळा सुटल्यावर रोज तासभर ती तिथे जाऊ लागली.

उपसा आठ महिने चालला. शेवटच्या तपासणीपूर्वी नाफड्यांच्या कार्यालयात उंबरदऱ्याहून एक अर्ज आला. दोनशे बारा ग्रामस्थांच्या सह्या होत्या. पाण्याचा पूर्वीचा सुगंध खात्याने काढून टाकल्यामुळे गावाचं नाव कमी झालं आहे, तरी तो अल्प प्रमाणात परत मिळावा, अशी विनंती होती. सह्यांमध्ये हौसाबाईंचा अंगठा नव्हता. त्यांनी आल्याचा चहा सुरू केला होता आणि आता सुईत दोरा पहिल्या फटक्यात जात होता. नाफड्यांनी अर्जावर 'नियमात तरतूद नाही' असा शेरा मारला.

शेवटच्या नमुन्याला दिगंबरशेठ आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. उपशाने पाणी नऊ मीटरवर गेलं होतं आणि पंपाबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. शेठ खुर्ची उघडून सावलीत बसले. दोन तास 'फुस्स' चाललं. सुनेच्या नाकाचं कौतुक झालं, विहीणबाईंच्या गुडघ्याचं झालं, मधे एक डुलकीही झाली. आकडे थांबले तेव्हा नाफड्यांनी बाटली भरली, राहिलेलं पाणी पेल्यात घेतलं आणि नाकाशी नेलं.

"कसा आहे?" शेठनी विचारलं.

नाफड्यांनी पुन्हा हुंगलं. डोळे मिटून हुंगलं. "काहीच येत नाही."

"काहीच नाही?"

"गोड नाही, कडसर नाही. काहीच नाही."

"आणा इकडे," शेठ म्हणाले. त्यांनी पेला हातात घेतला, सवयीने नाकाशी नेला, डोळे मिटले. मग ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.